शेक सुरू होण्याआधीचा कागद



आज मला सांगायचं आहे ते एका वाक्यात मावतं, तरी ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. कर्करोगावरचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होण्याआधी, तोंडावरचा मास्क बनण्याआधी, प्लॅनिंगला मंजुरी मिळाली का, कुठल्या तंत्राला मिळाली, किती फ्रॅक्शनला, म्हणजे किती वेळच्या शेकाला मिळाली, हे कागदावर बघून घ्या. आधी, श्रोतेहो, नंतर नाही.

विरार, नालासोपारा, वसई, नायगाव इथून कितीतरी माणसं पहाटेची लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात शेक घ्यायला जातात. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच-सहा आठवडे. बिलिंगच्या टेबलावर मी पुष्कळ वर्षं बसले आहे. समोरच्या माणसाला रोजच्या शेकाचे पैसे समजतात. मशीनखाली आडवं झालं, दहा-पंधरा मिनिटं गेली, हे डोळ्यांना दिसतं. पण बिलावर ‘प्लॅनिंग’ अशी ओळ आली की तो विचारतो, अहो, त्या आठवड्यात तर आम्ही घरीच होतो, मग पैसे कसले?

ब्लाऊज शिवायला टाकता ना, तेव्हा मशीन चालते ती सगळ्यात शेवटी. आधी माप, मग बेतणं. कापड बेतताना तुम्ही दुकानात नसता, पण खरी कसोटी तिथेच असते. कात्री चुकली तर शिलाई कितीही सुबक असून उपयोग नाही. इथेही तसंच आहे. माप म्हणजे मास्क आणि प्लॅनिंगचा सीटी स्कॅन. मग डॉक्टर त्या स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ कुठे, लाळेच्या ग्रंथी कुठे, मणक्यातला मज्जारज्जू कुठे, हे आखून देतात. मेडिकल फिजिसिस्ट संगणकावर किरणांच्या दिशा बसवतात, कुठल्या अवयवाला किती ग्रे, म्हणजे किरणांची किती मात्रा, जाणार ते मोजतात, तो प्लॅन मशीनवर तपासून घेतात. तुम्ही घरी बसलेले असता त्या दिवसांत हे सगळं चाललेलं असतं. ते फुकटचं काम नव्हे.

आता पैशाचं. काही शिंपी एकच शिलाई सांगतात, बेतण्यासकट. काही मोठ्या दुकानांत प्रत्येक गोष्ट वेगळी लावतात. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत साधारण पहिला प्रकार आहे. पॅकेज किरण देण्याच्या तंत्राप्रमाणे ठरतं. कोबाल्ट मशीनचं वेगळं, लिनॅक मशीनवरच्या थ्री-डीचं वेगळं, आयएमआरटी या आणखी बारकाईच्या तंत्राचं वेगळं. प्लॅनिंग त्याच्याच पोटात. खासगी बिलात मात्र मास्क, सीटी, प्लॅनिंग, रोजचा शेक अशा चार ओळी येऊ शकतात. अमेरिकेत तर प्लॅनिंगचा कोडच वेगळा. आयएमआरटीच्या प्लॅनिंगला 77301, आणि रोजच्या शेकाला निराळे. पद्धत कुठलीही असो, बेतलं एक आणि पावतीवर लिहिलं दुसरं असं झालं की घोटाळा होतो.

आणि नेमकं तेच होतं. आगाशीकडच्या एक ताई. रुग्णालयाचं नाव घेत नाही. मंजुरीचा कागद थ्री-डीचा, फ्रॅक्शन 25. प्लॅन झाला आयएमआरटीचा, फ्रॅक्शन 28. बायोप्सीच्या रिपोर्टवर एक निदान, अर्जावर आजाराचा कोड भलताच. अर्जावर निदानाचा कोड असतो, स्तनाच्या कर्करोगाला सी-50, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला सी-53. तो रिपोर्टशी जुळायलाच हवा. ताईंच्या मुलाला कुणी तरी फरकाची रक्कम भरायला सांगितली आणि त्याने ती भरलीही. अरे बाबा, योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचे वरचे पैसे रुग्णाकडून घ्यायचेच नसतात! तंत्र बदलायचं असेल तर डॉक्टरांनी कारण लिहून नवी मंजुरी मागायची असते. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, तिथेच खाली बसलेला होता. त्याला विचारलं नाही कुणी.

मंजुरी आधी, प्लॅनिंग नंतर. हे दुसऱ्यांदा सांगितलं.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात आणखी एक पेच. गिळता येत नाही, वजन उतरतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मास्क सैल होतो. अंगाच्या मापाने शिवलेला ब्लाऊज माणूस वाळल्यावर ढगळ होतो, तसा. मग पुन्हा सीटी, पुन्हा बेतणं. ही कुणाची चूक नसते, पण खर्च असतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, प्लॅन पुन्हा करावा लागला तर तो याच रकमेत की वेगळा? उत्तर लिहून घ्या.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून शेक झाल्यावर आतून द्यायची ब्रॅकीथेरपी असते. तिचं पॅकेज वेगळं, मंजुरी वेगळी. बाहेरचा शेक संपेपर्यंत घरचे थांबतात आणि मग अर्ज करतात. असं करू नका, हात जोडून सांगते. दोन्ही मिळून उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावा लागतो. लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता कमी होते. म्हणजे एका कागदाचा उशीर थेट बाईच्या अंगावर येतो. मंजुरी लवकर, आधी, वेळेत. हे तिसऱ्यांदा.

कंपनीचा मेडिक्लेम असणाऱ्यांनीही ऐका. शेक डे-केअरमध्ये बसतो, चोवीस तास भरती लागत नाही. पण मास्क आणि सीटी आधीच्या आठवड्यात ओपीडीत झालेले असतात आणि विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारा टीपीए तेवढ्यावरच बोट ठेवतो. डॉक्टरांकडून एक पत्र घ्या की मास्क, सीटी, प्लॅनिंग हा त्याच उपचाराचा भाग आहे. तारखा, एकूण ग्रे आणि फ्रॅक्शन त्यात असू द्या. प्लॅनच्या कागदाची प्रत मागायला लाजू नका. तो कागद तुमचा आहे, आणि पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर आधी कुठे किती शेक झाला हे त्यावरूनच कळणार आहे.

 

शेवटी पुन्हा फुले योजनेकडे येते. ती आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही आहे, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ‘आपलं रेशनकार्ड पांढरं, आपल्याला काय मिळणार’ असं म्हणून दागिने गहाण टाकतात. टाकू नका. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका पिशवीत घाला आणि मास्कची तारीख घेण्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. टेबल सापडलं नाही तर 155388 या क्रमांकावर फोन करा.