नवख्याला सांभाळतो तो आखाडा

(भंडारा येथील एका व्यायामशाळेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘आखाडा आणि आजचा तरुण’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी पेशाने पत्रकार, मल्ल नव्हे. तेव्हा डावपेचांविषयी मी बोलणे म्हणजे वैनगंगेच्या कोळ्याला पोहणे शिकविण्यासारखे होईल. मला बोलायचे आहे ते आखाड्याच्या दाराविषयी. त्या दारातून आत येणाऱ्या नवख्या मुलाचे, मुलीचे पुढे काय होते, याविषयी.

प्रारंभ जरा दूरवरून करतो. 1882 साली टोकियोत जिगोरो कानो यांनी कोदोकान ही संस्था काढली आणि जपानच्या जुन्या जुजुत्सु विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. तेथे शिकलेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करीत 1914 साली ब्राझीलला पोहोचले. ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम या शहरात त्यांनी ही विद्या स्थानिक तरुणांना शिकविली. त्यांत कार्लोस ग्रेसी होते. कार्लोस आणि त्यांचे धाकटे बंधू एलिओ यांनी ती पुढे वाढविली. एलिओ अंगकाठीने सडपातळ होते. साहजिकच ताकदीपेक्षा तरफेच्या तत्त्वावर, हातापायांच्या अचूक मांडणीवर त्यांनी भर दिला. हीच ती ब्राझिलियन जिउ-जित्सू. आज मुंबई, दिल्ली, बंगळूर येथेही तिचे वर्ग चालतात.

योगायोग असा की, त्याच 1914 साली आपल्या विदर्भात, अमरावतीला, अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. एक विद्या जपानमधून ब्राझीलला गेली, दुसरी अमरावतीहून बर्लिनला. दोन्ही ठिकाणी कारण एकच. कोणीतरी अनोळखी माणसासाठी दार उघडले आणि विद्या हातची राखली नाही.

आता त्या जिउ-जित्सूच्या वर्गात घडते काय, ते पाहा. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. तेथे पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. खाली पडलेला माणूस पायांच्या विळख्याने वरच्याला रोखून धरतो आणि सांध्यांवर वा मानेवर पकड बसवितो. पकड असह्य झाली की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोन-तीनदा थोपटायचे. ती थाप पडताच पकड सुटलीच पाहिजे. समोरचा कितीही वरचढ असो, पट्टा पांढरा असो वा काळा, या नियमाला अपवाद नाही. काळा पट्टा मिळविण्यास बहुधा दहा-एक वर्षे लागतात. त्या काळात प्रत्येकाने हजारो वेळा थाप दिलेली असते, म्हणून तिची लाज कोणालाच वाटत नाही.

आपल्याकडे शड्डू ठोकायला शिकवितात. तो शिकवावाच, त्याने छाती भरून येते. पण थाप ओळखायला शिकविणेही तितकेच महत्त्वाचे आहे. सरावात जो आपला हात, आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो, तो विश्वासाने देतो. हा विश्वास एकदा मोडला की मुलगा पुन्हा आखाड्याची पायरी चढत नाही. मुले मोबाइलमुळे आखाड्यात येत नाहीत, असे आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे. काही मुले येतात. पहिल्याच आठवड्यात थट्टा होते, कोणी उगाच आपटतो, खांदा दुखावतो आणि ती निमूटपणे निघून जातात. त्यांची नोंद कोणत्याच वहीत राहत नाही.

दाराचा विषय निघाला म्हणून बडोद्याचे स्मरण करतो. राजरत्न प्रा. माणिकराव यांनी तेथे वाढविलेल्या व्यायामशाळेचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान उस्ताद. शिष्याने आपले नाव न देता गुरूचे दिले. मातीला जात विचारायची नसते, हे आपल्या परंपरेतील जाणत्यांनी असे आचरणातून सांगून ठेवले आहे.

तेच मुलींविषयी. 1929 साली रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले. तेथे मुलीही ही विद्या शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन त्यांपैकी एक. महाराष्ट्रात महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा व्हायला मात्र 2023 साल उजाडले. सांगलीला झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाली. तुमसर, पवनी, साकोलीच्या मुलींना सांगलीपर्यंत जाता येईल तेव्हा येईल. आपल्या गावच्या आखाड्यापर्यंत त्यांना निर्धास्तपणे येता येते का, हा माझा प्रश्न आहे. खाली पडल्यावरही स्वतःला सोडवून घेता येते, ही विद्या कोणाला सर्वांत अधिक हवी आहे, हे येथील माता-भगिनींना वेगळे सांगायला नको.

किरकोळ अंगाच्या मुलांनीही खाशाबा जाधवांना आठवावे. 1952 साली हेलसिंकीत ते 57 किलो गटात लढले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले.

या व्यायामशाळेच्या चालकांना माझी तीन नम्र सुचविणी आहेत. पहिली, येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पहिला महिनाभर एका जाणत्या मल्लाच्या हाती सोपवावे. त्याच्या दुखापतीचा जाब त्या मल्लाला विचारावा. दुसरी, डाव शिकविण्याआधी पडावे कसे आणि थांब कसे म्हणावे, हे शिकवावे. तिसरी, मुलींसाठी ठराविक वेळ, शिकविणारी स्त्री आणि त्यांच्या आयांना बसायला एक बाक असावा. यांत खर्च म्हणाल तर बाकाचाच.

आखाड्याची कीर्ती त्याच्या पहिलवानाने जिंकलेल्या गदेवरून सांगतात. मी मात्र सर्वांत अशक्त मुलगा सहा महिन्यांनी तेथे आहे की नाही, ते पाहीन. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलेत, तर गदेआधी हजेरीची वही पाहायला मागेन.