अकुमा, लोभ असावा



पत्रिकेत आजचा विषय 'जपानी खेळातले राक्षस' असा छापून आला आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. "सुमो कुस्तीवर बोलणार वाटतं?" म्हटलं, नाही हो, व्हिडिओ गेमवर. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "येतो तरीही." ते आता तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यामुळं माझी जबाबदारी वाढली आहे.

मी जपानी भाषा शिकवतो. पूर्वी माझ्याकडं मुलं यायची ती कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळावी म्हणून. आता निम्मी येतात अॅनिमे आणि गेम मूळ भाषेत कळावेत म्हणून. त्यांतल्याच एकानं भर वर्गात विचारलं, "सर, अकुमा म्हणजे राक्षस ना? मग अकुमांच्या यादीत आपली लक्ष्मी काय करतेय?" त्यानं फोन पुढं केला. यादीत लक्ष्मी होती, शिव होता, गणपती होता. युरोपातल्या पऱ्या होत्या, ज्यूंची लिलिथ होती, बायबलमधले देवदूतही होते. सगळ्यांना मिळून नाव एकच, अकुमा. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला वर्गात देता न आलेलं उत्तर आहे.

खेळाचं नाव 'मेगामी तेन्सेई', म्हणजे देवीचा पुनर्जन्म. मुळात ही आया निशितानी यांची 1986 सालची कादंबरी. त्यात नाकाजिमा नावाचा शाळकरी पोरगा कॉम्प्युटरवर सैतान बोलावण्याचा प्रोग्रॅम लिहितो. हेतू कसला, तर छळणाऱ्या वर्गमित्रांचा सूड. प्रोग्रॅममधून लोकी येतो आणि अर्थातच हाताबाहेर जातो. त्यावरून अॅटलस कंपनीनं 1987 मध्ये फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी गेम केला. 1992 मध्ये 'शिन मेगामी तेन्सेई' आला, शिन म्हणजे खरा, आणि तिथून ही वेल आजवर पसरत आली आहे. मंत्र म्हणून भूत बोलावणं आपल्याला नवीन नाही. इथं मंत्राच्या जागी कोड आला, एवढंच. पण त्या काळी घरात नुकता आलेला कॉम्प्युटर लोकांना कसा वाटत असेल, ते यात नेमकं पकडलं आहे.

आता त्या शब्दाकडं वळू. 'अकु' म्हणजे वाईट. 'मा' या अक्षराची गोष्ट मला फार आवडते. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांना 'मार' लिहायचा होता. बोधिवृक्षाखाली बुद्धाला मोहात पाडायला आलेला तोच मार. चिनीत त्यासाठी अक्षरच नव्हतं. मग उच्चारासाठी वर तागाचं चिन्ह घेतलं, अर्थासाठी खाली भुताचं, आणि नवं अक्षर घडवलं. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात हाच मार सैन्य आणि मुली घेऊन आलेला कोरला आहे. आपण सहलीत त्याच्यापुढं फोटो काढून आलेलो असतो. जपानमध्ये पोचलेल्या त्याच्या नावातून 'अकुमा' हा शब्द झाला. खेळात तो स्वतःही आहे, रथावर बसलेला. त्याचा आकार कसा आहे ते सभेत लहान मुलं असल्यानं सांगत नाही. जपानी भिक्षूंच्या बोलीत 'मारा' शब्दाला पुरुषाच्या एका अवयवाचा अर्थ चिकटला होता, चित्रकारानं तोच धरला, एवढं पुरे.

सांगायचं असं, की लक्ष्मी अकुमांच्या यादीत शिरली असं म्हणण्याआधी अकुमा हा शब्दच आपल्याकडून गेला आहे, हे विसरायला नको. आणखी एक गंमत बघा. 1992 च्या खेळाची सुरुवात तोक्योतल्या किचिजोजी या वस्तीत होते. 1657 मध्ये एदो शहराला मोठी आग लागली, त्यात किचिजोजी देवळाभोवतीचे लोक उठून इथं राहायला आले आणि येताना देवळाचं नाव घेऊन आले. देऊळ मात्र आलं नाही. किचिजो म्हणजे शुभ. लक्ष्मीला जपानीत किचिजोतेन म्हणतात, तिच्या नावातला किचिजो हाच. जवळच्या इनोकाशिरा तळ्यात बेन्झाइतेनचं देऊळ आहे, आणि बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. खेळात अकुमा उतरायला सुरुवात होते ती या दोघींच्या शेजारात.

बाकीच्या खेळांत राक्षस दिसला की मारायचा. इथं त्याच्याशी बोलता येतं. मला या खेळाचा खरा शोध हाच वाटतो. माझ्या विद्यार्थ्यानं मला शेजारी बसवून दाखवलं. समोर एक अकुमा. ह्यानं 'बोल' निवडलं. त्यानं पैसे मागितले. खेळातल्या चलनाला माक्का म्हणतात. दिले. मग औषधाचा खडा मागितला. तोही दिला. मग त्यानं एक तात्त्विक प्रश्न विचारला, ह्यानं उत्तर दिलं, आणि अकुमा खदाखदा हसून सगळं घेऊन पळाला. मला मंडईतली घासाघीस आठवली. पुढं कळलं की पौर्णिमेला बोलायला जायचं नाही, त्या दिवशी त्यांची डोकी ठिकाणावर नसतात. त्याच जातीचा एखादा आधीच तुमच्या टोळीत असेल, तर समोरचा भांडत नाही. आपला माणूस तुमच्याकडं आहे म्हणतो आणि जाताना हातावर काहीतरी ठेवून जातो. गावाकडचं नातं निघालं की तहसील कचेरीतला कारकून कसा बदलतो, तसंच.

आणि पटलं तर? मग तो नाव सांगतो आणि म्हणतो, "कोंगोतोमो योरोशिकु." पत्राच्या शेवटी, नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी, जपानी माणूस हेच म्हणतो. मराठीत याला एकच प्रतिशब्द आहे, 'लोभ असावा'. नरकातून आलेला प्राणी लोभ असावा म्हणतो, हे ज्यानं लिहिलं त्याला मी मनातून नमस्कार केला.

या दोस्तीला एक क्रूर बाजूही आहे. खेळात एक मठासारखी जागा असते, तिथं दोन अकुमा एकत्र करून तिसरा घडवता येतो. पुढच्या लढाईसाठी ते करावंच लागतं. ज्याच्याशी आपण घासाघीस केली, ज्यानं लोभ मागितला, त्याचाच कच्चा माल करायचा. पहिल्या 'शिन'मध्ये तर नायकाचा कुत्रा पास्कल अकुमाशी मिसळून केर्बेरोस होतो. मुलं याला सहज 'फ्युजन' म्हणतात. मला तो शब्द जरा जास्तच स्वच्छ वाटतो.

या प्राण्यांना रूप दिलं ते मुख्यतः कानेको काझुमा या चित्रकारानं. प्रत्येकाबरोबर तो कुठला, कोणत्या पुराणातला, याची दोनचार ओळींची टीपही असते. जपानला ही सवय जुनी आहे. तोरियामा सेकिएन यानं 1776 मध्ये भुताखेतांचा सचित्र कोश काढला होता. एकेक भूत, एकेक पान. कानेकोचं काम मला त्याच घराण्यातलं वाटतं, फक्त याचा कोश साऱ्या जगाचा आहे. त्यात इंग्रजांच्या हिवाळ्याचा जॅक फ्रॉस्ट निळी टोपी घालून 'हीहो' करत येतो, आणि तोच पुढं कंपनीचा लाडका शुभंकर होतो.

पण देवाला अकुमा म्हणण्यामागं विचार आहे का, की नुसती सोय? 1992 च्या खेळात गोतो नावाचा लष्करी अधिकारी आहे. त्याला बघून जपानी माणसाला लष्कराला बंडाची हाक देणारा लेखक मिशिमा युकिओ आठवतोच. गोतो म्हणतो, हे अकुमा म्हणजे या भूमीचे प्राचीन देव आहेत, हेच आपल्याला वाचवतील. त्याच्यासमोर अमेरिकेचा राजदूत थॉर्मन उभा आहे. त्याला त्यांच्यात फक्त घाण दिसते, आणि तो तोक्योवर क्षेपणास्त्रं सोडतो. थॉर्मन स्वतः कोण, तर थॉर, म्हणजे तोही एक जुना देवच! एकेश्वराच्या नोकरीला लागलेला. नाव कोण ठेवतो यावर देव की अकुमा हे ठरतं, ही गोष्ट हा खेळ तेव्हापासून सांगत आला आहे. 2021 च्या पाचव्या भागात तर ती उघडच मांडली आहे. सृष्टिकर्त्या एका देवानं बाकीच्या देवांचं ज्ञान काढून घेतलं, आणि ज्ञान गेल्यावर ते अकुमा झाले. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय ते गौरवानं, आणि पुढं तोच शब्द शिवी झाला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात कल्पनेची भरारी कमी आणि इतिहास जास्त दिसेल. आपल्या माळरानावर म्हसोबाला शेंदूर लावणाऱ्या धनगराला तर हे कोणी सांगायलाच नको.

आपल्या देवांना या मालिकेत मोठमोठी कामं मिळाली आहेत. 2016 च्या एका भागात कृष्ण हा एकेश्वराविरुद्ध उभ्या राहिलेल्या बहुदेवांच्या आघाडीचा पुढारी आहे, आणि ओडिन व मैत्रेय त्याचे सहकारी. आघाड्या कशा चालतात हे मी महाराष्ट्रात सांगणं म्हणजे धाडसच. तिथला कृष्ण खलनायकाच्या अंगानं जातो, आणि ते बघताना मला अवघडल्यासारखं झालं, हे लपवत नाही. 2004 आणि 2005 मधल्या 'डिजिटल डेव्हिल सागा'च्या दोन भागांनी मात्र मला जिंकलं. त्यात अकुमा बाहेरून येतच नाहीत, माणसंच अकुमा होतात. कोणी वरुण होतो, कोणी अग्नी, कोणी वायू, कोणी पृथ्वी. झालं की भूक लागते, आणि ती शत्रूला खाऊनच भागते. जिंकणाऱ्या टोळीला काय मिळणार, तर निर्वाण! निर्वाण मिळवायला माणसं खावी लागतात, एवढ्या एका कल्पनेवर मी दुसरं व्याख्यान देईन, कोणी बोलावलं तर.

1996 पासूनची 'पर्सोना' ही धाकटी शाखा आज थोरलीपेक्षा जास्त खपते. तिथं हेच देव-दानव शाळकरी मुलांच्या मनातले मुखवटे होतात, युंगच्या मानसशास्त्राच्या हवाल्यानं. छान आहे, पण मनात कोंडलेल्या लक्ष्मीशी घासाघीस करण्यातली मजा कमी होते, असं माझं मत.

2003 च्या तिसऱ्या भागाबद्दल सांगून थांबतो. त्याच्या नायकाला हितोशुरा म्हणतात. हितो म्हणजे माणूस, आणि शुरा म्हणजे असुर. अर्धा माणूस, अर्धा असुर. नारा शहरातल्या कोफुकुजी देवळात 734 सालची तीन तोंडांची, सहा हातांची असुराची मूर्ती आहे. तिचा चेहरा कोवळ्या पोराचा, कपाळावर चिंतेची आठी. हितोशुराकडं बघताना मला तोच चेहरा आठवत राहतो. या खेळात सुरुवातीलाच एक चिमुकली परी, पिक्सी, त्याच्याबरोबर येते. ती दुबळी असते. दोनचार तासांत तिचा उपयोग संपतो, आणि सगळेच तिला कुणात तरी मिसळून टाकतात किंवा निरोप देतात. पुढं कित्येक तासांनी, अमाला नावाच्या भुयाराच्या तळाशी, एक खोली लागते. तिथं विचारलं जातं ते तिच्याबद्दल. ती अजून बरोबर असेल, किंवा जिच्यात ती मिसळली ती बरोबर असेल, तर ती पुन्हा पिक्सी होऊन उभी राहते, आणि तेव्हा तिच्यासमोर टिकणारे फार थोडे उरतात.

माझा विद्यार्थी त्या खोलीपर्यंत पोचला होता. मी विचारलं, तुझी पिक्सी कुठाय? म्हणाला, "जागा कमी पडत होती सर, दुसऱ्याच दिवशी सोडून दिली." मग त्यानं मशीन बंद केलं, परत चालू केलं, आणि नवीन खेळ सुरू केला.