पावसाचा नवा निरोप्या

श्रोतेहो, मागे एकदा आश्विनातल्या एका सकाळी आमच्या आळीतले एक काका हातात फोन घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला. मी विचारले, "काय काका, तब्येत बरी ना?" म्हणाले, "तब्येतीला काय धाड भरलीय! सर, माझा पाऊस हरवला बघा."

मला वाटले, काका थट्टा करताहेत. पण तसे नव्हते. त्यांच्या मुलाने चार वर्षांपूर्वी फोनात हवामानाचे एक अ‍ॅप घालून दिले होते. काका वाचनात फारसे रमणारे नव्हेत, पण त्या अ‍ॅपातला ढग, त्याखालचे थेंब आणि तास यांची त्यांना चांगली ओळख झाली होती. राब कधी भाजायचा, लावणीला माणसे कधी सांगायची, भात कधी कापायचे, हे सारे ते त्याला विचारून करीत. आणि एके दिवशी त्या पडद्यावर दोन ओळी आल्या, की ही सेवा बंद होत आहे. बस्स. हळवे भात कापणीला आलेले, आणि निरोप्या निघून गेलेला!

काकांनी घाईघाईने दुसरे अ‍ॅप घेतले. त्याने तीन दिवस लख्ख सूर्य दाखवला. काकांनी भात कापून खाचरात वाळत टाकले. दुसऱ्याच दिवशी दुपारी घाटाच्या अंगाने ढग उतरला आणि तासाभरात कापलेले भात पाण्यात तरंगू लागले. चार दिवसांत लोंब्यांना मोड आले. वर्षाचे धान्य असे डोळ्यांदेखत जाते, तेव्हा त्याला यंत्रातला दोष म्हणून सोडून देता येत नाही.

अशी वेळ एकट्या काकांवर आलेली नाही. परदेशात 'डार्क स्काय' नावाचे फार लोकप्रिय अ‍ॅप होते. २०२० साली अ‍ॅपल कंपनीने ते विकत घेतले आणि २०२२ च्या अखेरीस ते कायमचे बंद झाले. आपल्याकडे तर २०२४ च्या आरंभी देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. गावोगावच्या शेतकऱ्यांना पिकाचा सल्ला देणारी ती केंद्रे होती. निरोप्या मोठा असो की लहान, तो जाऊ शकतो, हे आपण धरूनच चालले पाहिजे.

आता नवा निरोप्या निवडायचा कसा? त्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. अ‍ॅप म्हणजे दुकान आहे; माल दुसरीकडून येतो. जगातल्या मोजक्या संस्था मोठ्या संगणकांवर वातावरणाचे गणित मांडतात. त्यांत अमेरिकेची संस्था आहे, युरोपची आहे, आणि १८७५ साली स्थापन झालेला आपला भारतीय हवामान विभागही आहे. बहुतेक अ‍ॅपे त्यांतलेच कुणाचे तरी आकडे घेतात आणि आपापल्या रंगात मांडतात. म्हणून दोन अ‍ॅपांनी एकच गोष्ट सांगितली, की दोन साक्षीदार मिळाले असे समजू नका. दोघांनी एकाच घरचे पाणी भरलेले असू शकते.

दुसरे असे, की हे गणित पृथ्वीचे चौकोन पाडून होते. एकेक चौकोन सहा, नऊ, बारा किलोमीटरांचा. सपाट मुलखात ते चालून जाते. पण आपला मुलूख कसा आहे? इकडे खालापूर, वर बोरघाट, तिकडे माथेरानचा डोंगर, मध्ये प्रबळगड नि इर्शाळगड. एका चौकोनात दरीही आली नि कडाही आला. खोपोलीत धो धो कोसळत असते, तेव्हा चौकला कुणी कपडे वाळत घातलेले असतात. अ‍ॅपात आपण 'खालापूर' लिहितो. आपले खाचर त्याला कुठे ठाऊक?

तिसरी गोष्ट टक्क्यांची. 'पाऊस ६० टक्के' याचा अर्थ ६० टक्के गावात पाऊस, असा नव्हे, किंवा ६० टक्के जोराचा पाऊस, असाही नव्हे. असे दहा दिवस आले तर त्यांतल्या साधारण सहा दिवशी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले चार दिवस कोरडे गेले तर अ‍ॅप खोटे ठरत नाही.

म्हणून मी काकांना सांगितले, की नव्या गड्याला कामावर ठेवताना आपण काय करतो? महिनाभर पाहतो. तसेच इथे करा. दोन अ‍ॅपे घ्या आणि एक वही घ्या. रोज संध्याकाळी उद्याचे भाकीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी खरे काय झाले ते शेजारी लिहा. चुका दोन प्रकारच्या असतात, त्या वेगळ्या मोजा. पाऊस सांगितला नि आला नाही, ही एक; सांगितला नाही नि आला, ही दुसरी. कापणीच्या दिवसांत पहिली चूक एका दिवसाची मजुरी बुडवते, दुसरी वर्षाचे भात बुडवते. ज्याच्या दुसऱ्या चुका कमी, तो आपला.

त्याखेरीज कामे वाटून द्या. चार-पाच दिवसांच्या अंदाजासाठी हवामान विभागाचे 'मौसम' पाहावे. पिकाच्या सल्ल्यासाठी २०१९ साली निघालेले 'मेघदूत' आहे; त्यात मंगळवारी नि शुक्रवारी मिळणारा सल्ला मराठीतही असतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' आहे. आणि पुढच्या दोन-तीन तासांसाठी मुंबईच्या रडारचे चित्र पाहावे. ढग कुठून कुठे सरकतो आहे ते त्यात दिसते. मात्र डोंगराआडचे रडारलाही नीट दिसत नाही, हे विसरू नये.

आता, शिक्षकमित्रांनो, थोडे तुमच्याशी बोलायचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली. त्या आठवड्यात अतिवृष्टीचे इशारे होते. पण इशारा असतो जिल्ह्याचा. कुठला उतार सुटणार, हे तो सांगत नाही. लाल रंग पनवेललाही तोच, नि डोंगराच्या कुशीतल्या वाडीलाही तोच. जिल्ह्याचा इशारा आणि आपली वाडी यांच्यामधले अंतर वाडीतल्याच कुणीतरी भरून काढले पाहिजे.

ते काम शाळा करू शकते. खालपासून वरपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट तळाचा एक डबा घ्या. झाडापासून नि भिंतीपासून दूर, उघड्यावर, उडता चिखल आत जाणार नाही असा तो घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा, फळ्यावर लिहा आणि डबा रिकामा करा. २४ तासांत साधारण ६५ मिलिमीटर झाले की मुसळधार, ११६ च्या पुढे अति मुसळधार, नि २०५ च्या पुढे अत्यंत मुसळधार, ही हवामान विभागाची मोजणी मुलांना पाठ करून द्या. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. वाडीवरच्या उतारात किती पाणी मुरले असेल, हा हिशेब सातवीतली मुलगीही मांडील. सलग दोन-तीन दिवस आकडा चढता राहिला, उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पुढच्या निरोपाची वाट पाहू नका. माणसे हलवा आणि तहसील कचेरीला कळवा. एखादे वेळी हलणे फुकट गेले, तरी ती पहिल्या प्रकारची चूक आहे. तिची किंमत एका रात्रीची झोप.

काकांची वही आता भरत आली आहे. नवे अ‍ॅप जुन्याइतके देखणे नाही, अशी त्यांची तक्रार आहेच. पण गेल्या आश्विनात अ‍ॅपाने सूर्य दाखवला, तेव्हा काकांनी आधी वही उघडली, मग रडार पाहिले, मग ओट्यावर येऊन घाटाकडे पाहिले, आणि विळा पुन्हा आढ्याला खोचून ठेवला. संध्याकाळी पाऊस आला. भात उभेच होते.

तुमच्या शाळेतला डबा या मृगाआधी बसवा.