मोटारीचा हीटर गार वारा देऊ लागला तर

श्रोतेहो, भिवंडीच्या माणसाने मोटारीच्या हीटरविषयी बोलावे हे ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. आमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने अंगाला घाम असतो. यंत्रमागाच्या खोलीत तर उन्हाळ्यात उभे राहवत नाही. तिथे ऊब देणारे यंत्र हवे कशाला? पण माझे आयुष्य नाशिक रस्त्याच्या कडेला एका गॅरेजात गाड्यांची बोनेटे उघडण्यात गेले, आणि हा रस्ता काही भिवंडीत संपत नाही. माणकोलीच्या नि राहनाळच्या गोदामांतून निघालेली गाडी पडघा, आटगाव, खर्डी करीत कसाऱ्याला पोचते. मग थळ घाट चढून इगतपुरीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर जाते. पावसाळ्यात त्या घाटात ढग रस्त्यावर उतरतो. आत माणसांचा श्वास, ओले कपडे, आणि काच बघता बघता आतून पांढरी होते. काचेवर ऊन वारा आला नाही, तर ड्रायव्हर आंधळाच. आणि थंडीचे म्हणाल, तर निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिकडे पहाटे जाणाऱ्याला हीटरची किंमत सांगायला नको.

एका डिसेंबरात आमच्या तालुक्यातले पाच गुरुजी भाड्याची जीप करून पहाटे नाशिकला निघाले. पडघ्यापर्यंत हीटर छान चालला. आटगाव मागे पडले आणि वारा गार येऊ लागला. ड्रायव्हर म्हणाला, "हीटर बसला वाटतं, गुरुजी. परत आल्यावर दाखवू." गुरुजींनी शाली ओढून घेतल्या. समोरचा उष्णतेचा काटा मध्यावरच होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. घाट निम्मा चढला असेल नसेल, तोच बोनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. ड्रायव्हर घाईने उतरला नि त्याने रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढचे सांगवत नाही. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीप ओढून आमच्याकडे आणली, तेव्हा इंजिनाचे हेड वाकडे झालेले होते. मूळ दुखणे काय, तर एक रबरी पाइप पट्टीखाली चिरला होता आणि पाणी थेंब थेंब गळून गेले होते. म्हणजे आटगावला हीटर बसला नव्हता. इंजिनातले पाणी संपत आले होते आणि हीटर ते सांगत होता!

हे कसे, ते नीट समजून घ्या. मोटारीच्या हीटरात कसलाही विस्तव नसतो. इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते, त्यातली ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जाते. हे पाणी पंपाने फिरते आणि पुढच्या रेडिएटरात निवते. त्याच पाण्याची एक वाट दोन पाइपांनी ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या फळीमागे जाते. तिथे लहान रेडिएटरासारखी एक जाळी असते. पंखा त्या जाळीतून हवा फुंकतो, आणि तीच हवा ऊन होऊन आपल्याकडे येते. पुष्कळ गाड्यांत ही जाळी बरीच वरच्या बाजूला असते. पाणी कमी झाले की आधी तिथे हवा शिरते आणि पाण्याचे फिरणे थांबते. शेतकरी मंडळींना हे निराळे सांगायला नको. विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा ती घरघर करते, पण पाइपातून पाणी येत नाही, तसेच हे. काट्याचे म्हणाल, तर काट्याला खबर देणारा खिळा पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे बोलतो. तो कोरडा पडला की काटा मध्यावर राहील, कधी खालीही येईल. म्हणून चालत्या गाडीत ऊन वारा एकाएकी गार झाला, तर काट्यावर भरवसा ठेवू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

मग उतरून काय करायचे? पहिले अर्धा तास तरी काही करायचे नाही. हे गंमतीने सांगत नाही. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. हवेच्या दाबाहून आणखी तितकाच दाब आत असला, तर पाणी १०० अंशांऐवजी जवळजवळ १२० अंशांना उकळते. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर उसळते. वर्गात हे शिकवायचे असेल तर घरचा कुकर पुरे आहे. शिट्टी पडण्याआधी आई झाकण का उघडत नाही, हे मुलांना विचारा. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवल्यावर जाड फडके टाकून झाकण अर्धे फिरवा, दाब निघून जाऊ द्या, मगच काढा. आणि तापल्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतू नका. बिडाला तडा जातो.

पाणी पुरते भरलेले आहे आणि तरी वारा गार, असे असेल तर बोटांनी निदान करता येते. गाडी सात-आठ किलोमीटर चालवून इंजिन तापवा. नुकत्या सुरू केलेल्या गाडीत वारा गारच येणार, तो काही बिघाड नव्हे. हीटरची मूठ पूर्ण गरमकडे करा. मग इंजिन बंद करून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप जपून चाचपा. (नव्या गाड्यांत पुढचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, तेव्हा बाही आणि उपरणे दूर ठेवा.) दोन्ही पाइप गरम लागले, तर पाणी आपले काम करीत आहे. दोष हवेच्या बाजूचा, बहुधा मुठीची तार निसटली असेल किंवा आतले झडप अडकले असेल. एक गरम नि एक गार, तर पाणी आत जाऊन अडते आहे. एक तर हीटरचा कॉक बंद आहे, नाही तर जाळी चोंदली आहे. आमच्या भागात कॉक जाम झालेले फार बघितले, कारण वर्षानुवर्षे कोणी तो फिरवतच नाही. आणि जाळी चोंदते ती बोअरिंगच्या पाण्याने. जड पाण्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यावर जो पांढरा थर बसतो, तोच त्या बारीक नळ्यांत बसतो. दोन्ही पाइप गार लागले, तर पाणी तिथवर पोचतच नाही. आत हवा अडकली आहे किंवा पंप थकला आहे. गाडी पळताना वारा ऊन आणि सिग्नलला उभी राहिली की गार, असे होत असेल तेव्हाही आधी पाणीच बघा.

हवा काढायची रीत सोपी आहे. इंजिन गार असताना गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर गरमकडे ठेवा, झाकण काढून इंजिन मंद चालू करा आणि बुडबुडे येतील तसतसे भरत राहा. पाणी उसळू लागण्याआधी झाकण लावा. काही गाड्यांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो. बुडबुडे थांबतच नसतील आणि मागे गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर ते हेडच्या गॅसकिटाचे काम आहे, घरी करण्यासारखे नव्हे.

आता एक कबुली देतो. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या घरात तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पूर्वी गाडी तापते म्हणून आली की आम्ही मंडळी ती झडपच काढून फेकायचो. "आपल्याकडे कशाला हवी?" असे मीही कितीदा म्हणालो आहे. चूक होती ती. झडप नसली की इंजिन पुरते तापत नाही, तेल जास्त पिते, लवकर झिजते, आणि हीटर कायम कोमटच राहतो. तुमच्या गाडीचा वारा नेहमीच कोमट येत असेल आणि काटा वर चढतच नसेल, तर आधी ही झडप आहे की नाही ते विचारा.

भरायचे काय? तर कंपनीने सांगितलेले कूलंट. साध्या पाण्याने गंज चढतो. अडल्या वेळी पिण्याचे पाणी चालेल, पण पुढे ते बदलून घ्या. कूलंटमध्ये बहुधा ग्लायकॉल असते. ते चवीला गोड नि विषारी आहे. गळून साचलेले कुत्री-मांजरे चाटतात. उरलेले कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात मुले असतात. ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायाखालची चटई ओली लागली, काचेवर तेलकट पापुद्रा आला आणि गोड वास येऊ लागला, तर हीटरची जाळीच गळते आहे असे समजा.

पावसात घाट चढणाऱ्यांसाठी एवढेच, की गाडीत वातानुकूलन असेल तर काच धुरकटल्यावर हीटरबरोबर तेही चालू करा आणि बाहेरची हवा आत घ्या. गार यंत्र कशाला, असे वाटेल. पण ते हवेतला ओलावा काढून घेते आणि काच लवकर निवळते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रकार वेगळा. त्यांत इंजिनच नसल्यामुळे ऊब बॅटरीच्या जोरावर करावी लागते, त्यामुळे आजचे पाइप चाचपणे तिथे लागू नाही. तिथल्या जाड नारिंगी तारांना तर हातच लावू नका.

त्या जीपचा ड्रायव्हर पुढे बरा झाला. हाताची कातडी अजून निराळी दिसते. घाटावर जायचे असले की तो आदल्या संध्याकाळी गॅरेजात येतो, गार इंजिनाचे झाकण काढून पाणी बघतो, एकेक रबरी पाइप दाबून पट्टीखाली नख फिरवतो, आणि मला म्हणतो, "काका, तुम्ही पण एकदा बघा."