आण्णांच्या दोन गोळ्या

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. हे आधीच सांगतो, कारण आजची गोष्ट माझ्याच अतिशहाणपणाची आहे.

आमचे चुलते, आण्णा, कडेगावात असतात. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पुरुषी हार्मोन बंद केलं की हा कॅन्सर मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 ला त्यांना त्याचंच नोबेल मिळालं. आण्णांनाही हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं चालू होती. पण पुढं पुढं पीएसए परत चढायला लागला. का? तर अंडकोषातून हार्मोन येणं थांबलं, तरी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि खुद्द कॅन्सरच्या पेशी थोडं थोडं बनवत राहतात. मेन लाइन तोडली, पण शेजारून कुणीतरी आकडा टाकलाय!

म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन चालूच ठेवून अबिराटेरॉन दिलं, आणि जोडीला प्रेडनिसोलोन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. 2011 ला एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. केमो होऊन गेलेले 1195 रुग्ण होते. स्टेरॉइड दोन्ही गटांना होतं. नुसत्या स्टेरॉइडवरच्यांपैकी निम्मे 10.9 महिन्यांच्या पुढे जगले. अबिराटेरॉन जोडलेल्यांत तो आकडा 14.8 झाला. चार महिने कमी वाटतात ऐकायला, पण तेवढ्यात घरातलं एक लग्न बसतं.

आणि मी काय केलं? गूगलवर 'स्टेरॉइड' शब्द बघितला आणि फोनवर काकींना सांगितलं, "ती बारकी गोळी बंद करा, साखर वाढते तिनं." काही आठवड्यांत आण्णांचे पाय सुजले, बीपी चढलं, पोटॅशियम घसरलं.

अबिराटेरॉनमुळं शरीरातलं कॉर्टिसॉलही कमी होतं. मग मेंदू 'आणखी बनवा' म्हणून ग्रंथींच्या मागं लागतो, आणि त्या मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स भरमसाट काढतात. बारकी गोळी तो तगादा थांबवते. आमच्या भाषेत, नाव ओळखीचं नाही म्हणून मी डिपेन्डन्सीच उडवली होती. शिवाय स्टेरॉइड असं एकदम बंद करणंही धोक्याचंच.

आता दोन्ही चालू आहेत, पण वेळा उलट्या. अबिराटेरॉन उपाशीपोटी, कारण खाऊन घेतलं तर रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं. प्रेडनिसोलोन मात्र खाऊन. आण्णांना पहाटे उठल्या उठल्या दुधाचा चहा लागायचा. आता आधी पाण्याबरोबर गोळी, मग तासभर रानात चक्कर, मग चहा-भाकरी, मग बारकी गोळी. काकींनी दारामागं खडूनं लिहून ठेवलंय. चहाला उशीर होतो म्हणून आण्णा माझ्यावर अजून चिडून आहेत.