अच्छाडची ताडी आणि तिचे सोबती

दक्षिण फ्रान्समधील बांदोलचे तांबडे मद्य निदान 18 महिने लाकडी पिंपांत मुरते; मग ते भाजलेल्या मांसाबरोबर वाढतात. तलासरी तालुक्यातील अच्छाडकडच्या ताडीस इतका धीर नाही. ताडाच्या फुलोऱ्याचे टोक कापून त्याखाली सायंकाळी मडके बांधतात. पहाटेचा रस गोड असतो. दोनप्रहरपर्यंत तो आंबून मादक होतो. गोड रस एकटाच बरा. आंबटलेल्या ताडीस मात्र भाजलेला सुका बोंबील, तिखट सुकट व तांदळाची भाकरी साजते. कारण खारट-तिखट घासास आंबटपणा तोलून धरतो.

वारल्यांच्या लग्नकार्यांत मान असलेले हे पेय 1878 च्या अबकारी कायद्याखाली सरकारी कराच्या कक्षेत होते. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा झाला. त्याच कायद्याच्या वारशाने अच्छाडपलीकडे गुजरातेत ताडीस बंदी आहे, तर अलीकडे ती परवान्याने विकली जाते.

परंतु खरा धोका निराळाच आहे. ताजी ताडी दूरवर टिकत नाही. म्हणून शहरांत क्लोरल हायड्रेट मिसळून बनावट ताडी विकल्याचे प्रकार घडले, आणि ते प्राणावर बेतले. ताडी ओळखावी ती झाडाजवळची आणि त्याच दिवशीची. जे झाड समोर दिसत नाही, त्याच्या नावाचा पेला दूर ठेवणेच शहाणपणाचे होय.