पंख्याचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘रोजच्या वापरातील पर्यावरणपूरक वस्तू’ हा विषय आम्हांला दिला, तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे वाचता वाचता. पृथ्वीचे पुढे काय होणार हे सांगणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही आपला बाजाराचा हिशेब सांगणार.

पंख्यापासून सुरुवात करू. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो. आता लोहचुंबकाच्या मोटारीचा, ज्याला दुकानदार बीएलडीसी म्हणतात, तो पंखा निघाला आहे. त्याला ३० वॅटच्या आसपास पुरतात. रोज बारा तास आणि वर्षाचे ३०० दिवस पंखा चालला, तर १६२ युनिटे वाचतात. युनिटाला आठ रुपये धरा. तेराशे रुपये झाले. नवा पंखा साध्या पंख्याहून हजार-दीड हजाराने महाग, म्हणजे वर्षा-सव्वा वर्षात फरक फिटतो आणि पुढची सारी वर्षे नफ्याची. हा हिशेब आम्ही एका सभेत फळ्यावर मांडला आणि मनातून खूश झालो.

सभा संपल्यावर एक सभासद आला. म्हणाला, “भाऊ, हिशेब बरोबर आहे. पण पंखा लागतो एप्रिलात, आणि पोरांच्या शाळेचा खर्चही तेव्हाच निघतो. हे जास्तीचे हजार मी आणायचे कुठून?” त्याच्या मागे उभा असलेला दुसरा म्हणाला, “आमचा खोलीमालक दिव्याला इतके, पंख्याला इतके असे ठरवून पैसे घेतो. वीज मी वाचवायची आणि पैसे त्याचे वाचायचे!” आमचा फळा तेव्हाच पुसला गेला. गरीब माणूस स्वस्त वस्तू घेतो ती अडाणीपणाने नव्हे. महाग वस्तूची किंमत आज द्यावी लागते आणि फायदा उद्या मिळतो, आणि ‘आज’ त्याच्या खिशात नसतो, एवढेच.

पुढे आम्ही पतपेढीतून पंख्यासाठी दहा हप्त्यांचे कर्ज काढून दिले. चाळीसेक जणांची मागणी एकदम नेली, तेव्हा जो दुकानदार एका पंख्यावर पन्नास रुपयेही सोडत नव्हता तो आपण होऊन भाव उतरवून बोलू लागला. युनियनच्या माणसाला यात नवल नसावे. पण खरे सांगतो, पगाराच्या वाटाघाटीत जे आम्ही तीस वर्षे करीत आलो ते दुकानातही करता येते हे आमच्या डोक्यात उशिराच शिरले. सरकारच्या डोक्यात ते आधी शिरले होते. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली. एलईडी दिवे लाखोंच्या, पुढे कोटींच्या संख्येने एकत्र खरेदी केले, तेव्हा २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. मग झोपडीतलाही साठ वॅटचा गोळा निघाला आणि त्या जागी नऊ वॅटचा दिवा लागला. कोणी प्रवचन केले म्हणून नव्हे, भाव उतरला म्हणून. खोलीमालकाचे कोडे मात्र आम्हांला अजून सुटलेले नाही. स्वतंत्र मीटर मागितला की तो खोली खाली करायला सांगतो.

आता काही मंडळी म्हणतात, जुने तेच बरे. १९८२ चा गिरणीसंप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या काळात आमच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडत नसे. फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे. ती गरिबी होती, तिला पर्यावरणाचे नाव देऊन कोणी आम्हांला शाबासकी देऊ नये. आमच्या आईने लाकडाच्या धुरात डोळे घालवले. तिला गॅस मिळाला असता तर ती ‘नैसर्गिक’ चुलीकडे वळूनही पाहती ना.

पिशवीचेही तसेच. कापडी पिशवी चांगली, पण कापूस पिकवायला पाणी आणि खत लागतेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब केला, की हवामानापुरते पाहिले तरी सुती पिशवी पन्नासांहून अधिक वेळा वापरावी तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. आमच्या घरी पुढाऱ्यांचे फोटो छापलेल्या अठरा पिशव्या पडून आहेत. बाजाराला जाते ती एकच, आईने शिवलेली. आणि दुकानात कापडासारखी मऊ, रंगीत पिशवी मिळते ना, ती बहुधा कापडच नसते. तीही प्लास्टिकच्या धाग्यांची, न विणता दाबून केलेली.

ही माहिती आम्हांला फार कडू रीतीने मिळाली. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा पाच हजार. बंदी योग्यच होती, आम्ही तिच्या बाजूने भाषणे केली. जुलैत पिशव्यांच्या एका छोट्या कारखान्यातले अकरा कामगार कचेरीत आले. मालकाने कुलूप लावले होते. हजेरीपटावर त्यांची नावेच नव्हती, म्हणून ना नुकसानभरपाई, ना ग्रॅच्युइटी. एकजण म्हणाला, “भाऊ, तुमच्या भाषणाला टाळ्या वाजवायला आम्हीही होतो.” आम्हांला उत्तर सुचले नाही. त्यांतले चौघे पुढे त्या ‘कापडी’ पिशव्यांच्या कारखान्यात लागले. पिशवी आणून टेबलावर ठेवून त्यांनीच आम्हांला काडी ओढून दाखवली. पिशवी जळली नाही, वितळली. बाकीच्यांतले पाचजण गावी गेले. दोघांचा दावा आम्ही चालवतो आहोत. पुढची तारीख जूनची आहे.